पान एक, वाद शंभर वर्षांचा: नागपूरच्या दगडातल्या झाडांनी शास्त्रज्ञांना का भांडायला लावलं?

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपची कल्पना करा. टेबलावर पाच-सहा सुटे पार्ट ठेवलेत. एक शाफ्ट, एक गिअर, एक झाकण, दोन बुश. ड्रॉइंग नाही, पार्ट नंबर नाही, असेंब्ली कुणी कधी पाहिलेली नाही. आणि समोरचा विचारतो, "हे कुठल्या मशीनचे पार्ट आहेत? आणि हे मशीन कुठल्या सालचं असेल?"

अनुभवी फिटरसुद्धा डोकं खाजवेल. तो आधी ओळखीच्या मशीनशी जुळवून बघेल. गिअर ओळखीचा वाटला की म्हणेल, "हे बहुतेक अमुक कंपनीचं, तमुक काळातलं." अंदाज बरोबर निघेल किंवा साफ चुकेल.

१९व्या शतकात वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांची अवस्था अशीच होती. दगडात अख्खं झाड जवळजवळ कधीच सापडत नाही. कुठे पान, कुठे खोडाचा तुकडा, कुठे बी. एवढ्यावरून झाड कोणत्या कुळातलं आणि किती जुनं हे सांगायचं. यावरून तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादातले काही महत्त्वाचे पुरावे आपल्या महाराष्ट्रातले, नागपूरच्या आसपासचे होते. आणि प्रश्न निव्वळ पुस्तकी नव्हता, त्यामागे कोळसा होता.

भोसरीत नाही, मग नागपुरातच का?

भोसरीत बोअर मारली की काळा कातळ लागतो. हा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. धगधगत्या लाव्ह्यात पानाफुलांचा ठसा टिकत नाही. त्यामुळे पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात कितीही खणलं तरी या गोष्टीतली झाडं हाती लागणार नाहीत.

पण हा कातळ पूर्वेकडे जाताना पातळ होत जातो आणि नागपूरच्या आसपास संपतो. तिथे त्याच्याखालचे कितीतरी जुने दगड उघडे पडतात. कामठी, सिलेवाडा या भागातला वालुकाश्म म्हणजे वाळूचा दगड त्यातलाच. एकेकाळी तिथे नद्या होत्या, दलदल होती, जंगल होतं. गळलेली पानं चिखलात रुतली, वर गाळ साचत गेला, गाळाचा दगड झाला. दगड फोडला की आत पान, अगदी शिरांसकट.

याच पट्ट्यात आज कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत आणि त्यांच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. सिलेवाड्यालाही खाण आहे. इथल्या कोळशावर तयार झालेली वीज राज्याच्या वीजजाळ्यात जाते आणि त्याच जाळ्यावर भोसरीतली लेथ मशीनही फिरते. थोडक्यात, हा वाद ज्या झाडांवरून झाला त्यांच्याशी भोसरीचा रोजचा संबंध आहे.

दगड गोळा करणारा पाद्री

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. जन्म १८१७ चा. १८४५ मध्ये ते नागपुरात आले, तेव्हा तिथे भोसल्यांचं राज्य होतं. शाळा चालवणं आणि धर्मप्रचार हे त्यांचं काम. पण चालता चालता जमिनीकडे बघायची त्यांना सवय होती. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी मिशनरीही त्याच नादाचे.

१८५१ च्या सुमारास नागपूरजवळच्या टाकळीला या दोघांना दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख सापडले. लाव्ह्याचा एक थर साचल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला होता. त्या काळात तळी झाली होती आणि त्यांच्या गाळात शंख, बिया, फळं टिकून राहिली होती. मग दोघांनी आसपासचा मुलूख पिंजून काढला आणि लाव्ह्याच्याही खालच्या, खूप जुन्या वालुकाश्मातली पानं गोळा केली.

१८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा त्यांचा लेख लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पानांचे नमुनेही इंग्लंडला गेले. तिथे चार्ल्स बनबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला. हे बनबरी म्हणजे प्रसिद्ध भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांचे साडू. १८६१ मध्ये त्यांनी नागपूरच्या जीवाश्म वनस्पतींवर सविस्तर लेख लिहिला.

नाव कसं ठेवायचं?

नागपूरच्या दगडांत सर्वांत जास्त दिसणारं पान जिभेच्या आकाराचं होतं. मध्ये ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. भारतातल्या कोळशाच्या पट्ट्यात आणि ऑस्ट्रेलियात अशी पानं आधीच सापडली होती. अडॉल्फ ब्रोन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये त्यांना नाव दिलं होतं, ग्लॉसोप्टेरिस. ग्रीकमध्ये 'ग्लॉसा' म्हणजे जीभ आणि 'प्टेरिस' म्हणजे नेचा.

नेचा म्हणजे फर्न. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या भिंतींवर, दरडींवर उगवतो तो. त्याला फूल नाही, बी नाही. पानामागच्या ठिपक्यांमध्ये बीजाणू असतात, त्यावर त्याचा वंश चालतो.

ब्रोन्यार यांची पद्धत साधी होती. फळ-फूल मिळत नसेल तर पानाचा आकार आणि शिरांची मांडणी बघायची, त्यावरून गट करायचे. हाताशी दुसरं काहीच नसताना ही पद्धत फार उपयोगी पडली. जगभरातल्या पानांची एकमेकांशी तुलना करता येऊ लागली.

पण त्यात एक मेख होती. पान दिसायला नेच्यासारखं आहे, म्हणून झाडही नेचाच आहे असं ठरतं का? आज बागेत बघितलं तरी दिसतं की सारख्या आकाराची पानं एकमेकांशी काही नातं नसलेल्या झाडांना येतात. ग्लॉसोप्टेरिसच्या पानांवर काही अभ्यासकांना नेच्यासारखे ठिपके दिसलेही. पण ते खरंच बीजाणूंचे पुंजके होते, की पान कुजताना पडलेले डाग, हे खात्रीने सांगता येत नव्हतं.

एका झाडाला किती नावं?

खरी गंमत पुढे आहे. पान सुटं मिळालं, त्याला एक नाव. खोड सुटं मिळालं, त्याला दुसरं. बी मिळाली, तिसरं. प्रत्येक पार्टला वेगळा नंबर, पण सगळे एकाच असेंब्लीचे आहेत की नाहीत याचा पत्ता नाही.

कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिसच्या बरोबरीने आणखी एक विचित्र वस्तू सापडायची. पाठीच्या मणक्यांची माळ ठेवावी तशी दिसणारी. १८३०च्या दशकात जॉन रॉयल यांनी तिला व्हर्टेब्रेरिया हे नाव दिलं, अर्थ 'मणक्यासारखी'. ही नेमकी काय? कुणी म्हणे जमिनीखालचं खोड, कुणी म्हणे मूळ. कोणत्या झाडाचं, हा प्रश्न वेगळाच.

पानांचंही तसंच. मध्ये ठळक शीर असेल तर ग्लॉसोप्टेरिस, ती नसेल तर गँगामोप्टेरिस. बनबरी यांनी नागपूरच्या पानांमधून काही नव्या जाती ओळखल्या. त्यातल्या एकीला केळीच्या पानावरून 'म्युझिफोलिया' हे नाव दिलं. आणखी एक लांबट पान त्यांनी नोएगेराथिया या वंशात टाकलं आणि हिस्लॉप यांच्या नावावरून त्याला 'हिस्लॉपी' म्हटलं.

पुढे ओटोकार फाइस्टमांटेल या शास्त्रज्ञाने हे पान तिथून काढून नोएगेराथिऑप्सिस या नव्या वंशात नेलं आणि त्याला सायकसच्या नातेवाइकांत बसवलं. बंगल्यांच्या दारात लावतात तो सायकस. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला तिथूनही उठवलं आणि कॉर्डाइट नावाच्या, पाइन-देवदारांच्या जवळच्या, नामशेष वृक्षांच्या शेजारी ठेवलं. नागपूरच्या एका पानाने तीन घरं बदलली.

भांडण नावाचं की वयाचं?

नावावरून एवढा खल कशासाठी? कारण त्या काळी दगडाचं वय मोजायचं यंत्र नव्हतं. किरणोत्सारावरून वय काढायची पद्धत २०व्या शतकातली. त्याआधी दगडाचं वय ठरायचं ते त्यातल्या जीवाश्मांवरून. झाड कोणाचं नातेवाईक मानलं, यावर दगडाचं वय ठरायचं.

युरोपातला नावाजलेला दगडी कोळसा ज्या काळातला आहे, त्या काळाचं नावच कार्बोनिफेरस. आजच्या मोजणीनुसार सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्या कोळशात सापडणारी झाडं वेगळी होती. भारतातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या कोळशात ती दिसेनात. उलट इथली पानं वरवर बघता युरोपातल्या ज्युरासिक, म्हणजे सुमारे २० ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या नेच्यांच्या जवळची वाटत होती.

त्यामुळे हिस्लॉप यांचा निष्कर्ष होता की नागपूरचा वालुकाश्म आणि कोळसा ज्युरासिक काळातला. १८६१ मध्ये त्यांनी या वयाच्या प्रश्नावर स्वतंत्र लेखही लिहिला.

तिकडे ऑस्ट्रेलियात हेच भांडण आधीच पेटलं होतं. फ्रेडरिक मॅकॉय यांनी १८४७ मध्ये तिथल्या पानांवरून कोळसा ज्युरासिक ठरवला होता. विल्यम क्लार्क यांना ते मान्य नव्हतं. क्लार्क हेही पाद्रीच, पण त्यांनी तो मुलूख पायी पालथा घातला होता. त्यांचं म्हणणं, ग्लॉसोप्टेरिसची पानं ज्या थरांत आहेत, त्यांच्याशी निगडित थरांत समुद्री शिंपले आहेत आणि ते शिंपले ज्युरासिकच्या कितीतरी आधीचे आहेत. पान एक वय सांगत होतं, शिंपला दुसरं. विश्वास कुणावर ठेवायचा?

भारतात काय ठरलं?

१८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं काम सुरू झालं. इंग्रज सरकारला रेल्वेसाठी कोळसा हवा होता. कोणता थर कोणत्या थराच्या वर, कोणता खाली, हे कळल्याशिवाय बोअर कुठे मारायची ते ठरत नव्हतं. विदर्भात कामठीचे थर कोळशाच्या थरांच्या वर आहेत. म्हणजे कामठीचा दगड दिसला तर खाली कोळसा असण्याची शक्यता. १८७०च्या दशकात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली, ती याच काळातल्या शोधामुळे.

सर्वेक्षणाने एक मोठी गोष्ट केली. त्यांनी एकत्र मिसळलेली पानं दोन गटांत वेगळी केली. खालच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस आणि त्याचे सोबती. वरच्या, नव्या थरांत सायकससारखी पानं. झारखंडमधल्या राजमहल टेकड्यांतली पानं या दुसऱ्या गटातली. तोवर हे दोन्ही गट एकत्र मोजले जात होते, त्यामुळेही वयाचा घोळ वाढला होता.

१८७५ मध्ये फाइस्टमांटेल कलकत्त्याला आले. पुढच्या आठ वर्षांत त्यांनी भारतातल्या जीवाश्म पानांचं जे वर्णन आणि चित्रण केलं, ते आजही अभ्यासक उघडून बघतात. त्यांचा पानांवर विश्वास होता. पानं युरोपातल्या ट्रायासिक काळाशी जुळतात, म्हणून भारतातला कोळसाही ट्रायासिक, असं त्यांचं मत. ट्रायासिक म्हणजे ज्युरासिकच्या लगेच आधीचा काळ.

त्यांचेच सहकारी विल्यम ब्लॅनफर्ड यांना हे पटत नव्हतं. त्यांचा रोख पद्धतीवरच होता. युरोपात अमुक झाड अमुक काळात होतं, म्हणून भारतातही ते त्याच काळात असलं पाहिजे, हे कशावरून? जमिनीवरची झाडं एका ठिकाणी आधी आणि दुसऱ्या ठिकाणी नंतर येऊ शकतात. १८८४ मध्ये मॉन्ट्रियलला झालेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला. पानं आणि समुद्री जीव वेगवेगळं वय सांगतात, अशी जगभरातली उदाहरणंच त्यांनी पुढे ठेवली.

शेवट कसा झाला?

वयाचा निकाल लागला तो काश्मीरमध्ये. २०व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गँगामोप्टेरिसची पानं असलेले थर सापडले आणि त्यांच्या वर समुद्री जीवांचे थर. हे समुद्री जीव पर्मियन काळातले, हे नक्की होतं. वरचा थर पर्मियन, मग खालची पानं त्याहून नवी असूच शकत नाहीत. थोडक्यात, ही झाडं सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीची. ज्युरासिकच्या कितीतरी आधीची. क्लार्क आणि ब्लॅनफर्ड यांची बाजू बरोबर ठरली. तरी फाइस्टमांटेल अगदीच चुकले असं नाही. कामठी थरांचा वरचा भाग आज ट्रायासिकमध्येच धरला जातो.

झाड कोणतं, या प्रश्नाला मात्र आणखी वेळ लागला. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एड्ना प्लमस्टेड यांनी ग्लॉसोप्टेरिसच्या पानांना जोडलेले बीजधारी अवयव दाखवून दिले. बी असलेलं झाड नेचा असूच शकत नाही. ब्रोन्यार यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनी ठरलं की नावातच 'नेचा' असलेलं हे झाड नेचा नव्हतं. पुढे १९६०-७०च्या दशकांत हेही स्पष्ट झालं की मणक्याची माळ वाटणारी व्हर्टेब्रेरिया म्हणजे याच झाडाचं मूळ.

पार्ट जुळले, असेंब्ली उभी राहिली. उंच वाढणारे, हंगामात पानं गाळणारे आणि दलदलीत मूळ धरणारे हे वृक्ष होते. नाव मात्र बदललं नाही. नियमानुसार आधी दिलेलं नाव टिकतं, त्यामुळे आजही ते ग्लॉसोप्टेरिसच.

नागपूरचं पान थेट दक्षिण ध्रुवाजवळ

या झाडामुळे आणखी एक कोडं उभं राहिलं. भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका. एवढ्या दूरदूरच्या ठिकाणी एकच झाड कसं? मध्ये तर समुद्र आहेत.

या थरांना 'गोंडवन' हे नाव १८७२ मध्ये हेन्री मेडलिकॉट यांनी सुचवलं आणि १८७६ मध्ये फाइस्टमांटेल यांच्या लेखातून ते छापलं गेलं. नर्मदेच्या दक्षिणेकडच्या जुन्या गोंड राज्यांवरून आलेलं हे नाव. १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्यावरून दक्षिणेकडच्या एका प्राचीन महाखंडाला 'गोंडवनलँड' म्हटलं.

१९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे साथीदार बर्फात मरण पावले. जीव जाईपर्यंत त्यांनी सुमारे १६ किलो दगड सोबत ओढत आणले होते. त्या दगडांत पानं होती. १९१४ मध्ये अल्बर्ट सीवर्ड यांनी ती ओळखली, ग्लॉसोप्टेरिस इंडिका. कामठीच्या आणि झारखंडच्या दगडांत मिळणारं पान अंटार्क्टिकाच्या बर्फात निघालं. खंड सरकतात या कल्पनेच्या बाजूच्या महत्त्वाच्या पुराव्यांपैकी हे पान पुढे एक ठरलं.

मग हिस्लॉप चुकले, त्याचं काय?

वयाच्या बाबतीत ते चुकले. पण त्यांनी कोणतं पान कोणत्या गावी, कोणत्या थरात मिळालं याची नोंद ठेवली होती आणि नमुने जपून पाठवले होते. म्हणूनच नंतरच्या लोकांना तीच पानं पुन्हा तपासता आली आणि चूक दुरुस्त करता आली. नुसता निष्कर्ष मागे ठेवला असता तर त्याच्यासोबत सगळंच बाद झालं असतं.

हा वाद मिटलेला बघायला हिस्लॉप राहिले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. गोंड आणि इतर आदिवासींबद्दलची त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

आणि ते तीन घरं बदललेलं पान? त्याच्या वंशाचं नाव कोणतं धरावं, यावर अभ्यासकांची मतं आजही वेगळी आहेत. काही जण त्याला नोएगेराथिऑप्सिस म्हणतात, काही कॉर्डाइटिस. पुढचं 'हिस्लॉपी' मात्र दोघेही तसंच लिहितात.